आगकाडीपासून काडेपेटीपर्यंत: भारतीय अ‍ॅनिमेशन लघुपटांचा विसरलेला इतिहास

#थ्रेड #चित्रपटइतिहास

१/
भारतीय अ‍ॅनिमेशन म्हणजे देवदेवतांची बालरूपे आणि लहान मुलांची दूरचित्रवाणीवरील करमणूक, अशी समजूत तरुण प्रेक्षकांत रूढ आहे. जपानी मालिका आणि अमेरिकी चित्रपट यांच्याशी तुलना होते आणि निष्कर्ष निघतो की या देशात या कलेला परंपराच नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. परंपरा आहे आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती चुकीच्या जागी शोधली जाते, एवढेच.

२/
पूर्ण लांबीच्या चित्रपटांत ती फारशी सापडत नाही. ती आहे दोन, पाच, पंधरा मिनिटांच्या लघुपटांत. कथांचे आणि शैलींचे खरे वैविध्य तिकीटखिडकीच्या धाकाबाहेर, या छोट्या चित्रपटांत जन्मले, हे या थ्रेडचे प्रतिपादन आहे. ज्या उपेक्षेमुळे ते दृष्टीआड झाले ती उपेक्षा अजून संपलेली नाही, हा त्याचा दुसरा भाग.

३/
आरंभ १९१२ पासून. ‘राजा हरिश्चंद्र’ अद्याप तयार व्हायचा होता. लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांना भांडवल हवे होते आणि चलच्चित्र या वस्तूवर पैसे लावण्यास कोणी सहजी तयार नव्हते. फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीची छायाचित्रे दिवसांमागून दिवस कॅमेऱ्यात टिपली.

४/
पडद्यावर ती एकामागोमाग धावू लागली तेव्हा कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत घडली. अंकुर फुटला, वेल वर चढला. तांत्रिकदृष्ट्या याला कालसंक्षेपी चित्रण म्हणतात. पण यामागचे तत्त्व अ‍ॅनिमेशनचेच आहे: दोन चौकटींच्या मधला काळ कलावंताच्या ताब्यात असतो. भारतीय चित्रपटाला पहिले भांडवल मिळवून देण्यात या तत्त्वाचा वाटा होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

५/
पुढचे पाऊल १९१५ चे. पहिल्या महायुद्धामुळे परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मची चणचण होती आणि मोठे पौराणिक चित्रपट काढणे अवघड झाले होते. त्या काळात फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. नट नाहीत, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. पात्रे म्हणजे काडेपेटीतल्या काड्या. काडी किंचित हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची.

६/
फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच हलत्या काड्यांचा चित्रपट केला होता. त्याच वर्षीचा त्यांचा ‘फांतास्मागोरी’ हा रेखाचित्रांतून साकारलेला चित्रपट अ‍ॅनिमेशनच्या इतिहासातील मूळ टप्प्यांपैकी एक मानला जातो. म्हणजे कल्पना जगात फिरत होती आणि फाळके तिच्यापासून केवळ सात वर्षे दूर होते. टंचाईतून शैली जन्मते, याचे हे भारतातील पहिले ठळक उदाहरण.

७/
परंतु ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहता येत नाही. तिची एकही प्रत उरलेली नाही. काड्यांनी कोणते आकार घेतले, त्यात विनोद कसा होता, त्यांच्यात काही कथा होती का, या प्रश्नांना उत्तरे देणारा पुरावा नाही. भारतीय अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या पानावर फक्त शीर्षक शिल्लक आहे. या थ्रेडमधील पुढच्या प्रत्येक चित्रपटाकडे पाहताना हे रिकामे पान ध्यानात ठेवावे लागेल.

८/
१९३४ मध्ये दोन शहरांतून दोन प्रयत्न झाले. कलकत्त्यात न्यू थिएटर्सच्या छत्राखाली गुणमय बॅनर्जी यांचा ‘द पी ब्रदर्स’ आला. म्हणजे पुन्हा वाटाणेच! पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. बोलपटाच्या ऐन उमेदीच्या काळात दोन नामवंत संस्थांना या कलेचा मोह पडला होता. तरीही त्यातून सलग परंपरा उभी राहिली नाही.

९/
कारण साध्या हिशेबात आहे. बोलपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात, म्हणजे मिनिटाला १४४०. दोन चौकटींसाठी एकच चित्र वापरले तरी मिनिटाला ७२० चित्रे हवीत. दहा मिनिटांच्या चित्रपटासाठी सात हजारांवर चित्रे रेखाटून जो कार्टूनपट तयार होणार, त्यासाठी स्वतंत्र तिकीट कोणी काढणार नाही. उलट अमेरिकी कार्टूनपट तयार होऊन, रंगून, वितरणाच्या मार्गाने थेट दारात येत. निर्मात्याने कोणता पर्याय निवडला हे सांगायला नको.

१०/
म्हणजे या कलेला प्रेक्षकाआधी आश्रयदाता हवा होता. तो १९४८ मध्ये मिळाला. स्वतंत्र भारताच्या सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. चित्रपटगृहांच्या परवान्यांना एक अट जोडलेली असे: मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे बंधनकारक. त्यासाठी चित्रपटगृहांकडून भाडेही घेतले जाई. वृत्तपट, अनुबोधपट आणि पुढे अ‍ॅनिमेशनपट याच वाटेने गावोगावच्या पडद्यांवर पोहोचले.

११/
या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले आणि ते परस्परविरोधी होते. पहिला: लघुपटाला स्वतःचे तिकीट विकावे लागत नव्हते, म्हणून कलावंताला प्रयोग करण्याची मुभा मिळाली. दुसरा: विषय सरकार ठरवी आणि प्रेक्षक नाइलाजाने पाही. अनेकांच्या लेखी ती वेळ चहा-बिडीची किंवा जागा शोधण्याची होती. ज्या सक्तीने कलेला जगवले त्याच सक्तीने तिचा मान घालवला.

१२/
१९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये स्वतंत्र कार्टून विभाग सुरू झाला. प्रशिक्षणासाठी अमेरिकी तांत्रिक सहकार्य योजनेतून क्लेअर वीक्स आले. मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले वीक्स डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बँबी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले अनुभवी कलावंत होते. जी. के. गोखले आणि तरुण राम मोहन हे या विभागातील प्रमुख शिलेदार.

१३/
या प्रशिक्षणातून १९५७ मध्ये ‘द बनियन डीअर’ तयार झाला. कथा निग्रोधमृग जातकाची: राजाच्या शिकारीसाठी पाळीपाळीने एकेक हरिण जाते, गाभण हरिणीची पाळी येते आणि मृगराज तिच्या जागी स्वतः वधस्तंभाजवळ उभा राहतो. राजा विरघळतो आणि सर्व हरिणांना अभय देतो. अहिंसेची ही कथा नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या मोठ्या कार्टूनपटासाठी निवडली जाणे अर्थपूर्ण होते.

१४/
मात्र कथा भारतीय असली तरी हरिणांची चाल डिस्नेच्या शाळेतली होती. त्याच सुमारास त्याच संस्थेत जहांगीर भावनगरी यांनी ‘राधा अँड कृष्ण’ केला. त्यात नवी पात्रे रेखाटून हलवलेली नाहीत. मूळ पहाडी लघुचित्रांवरून कॅमेरा फिरतो, थांबतो, एका नजरेवरून दुसऱ्या नजरेवर जातो आणि संगीत त्याला गती देते. स्थिर चित्रातून काळ निर्माण करण्याची ही सर्वस्वी वेगळी रीत.

१५/
‘भारतीय अ‍ॅनिमेशन दिसावे कसे?’ या प्रश्नाला एकाच इमारतीत, एक-दोन वर्षांच्या अंतराने मिळालेली ही दोन उत्तरे आहेत. एक म्हणते, जगाचे तंत्र घ्या आणि आपली कथा सांगा. दुसरे म्हणते, आपल्या चित्रपरंपरेलाच तिचे तंत्र विचारा. पुढील साठ-सत्तर वर्षांतील बहुतेक महत्त्वाचे भारतीय अ‍ॅनिमेशन लघुपट या दोन टोकांच्या दरम्यान कुठेतरी उभे आहेत.

१६/
सरकारी आश्रयाखाली वैविध्य फुलणे हा भारतापुरता अपवाद नव्हता. कॅनडात १९३९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट मंडळ स्थापन झाले. प्रागमध्ये यिरी त्र्न्का यांनी बाहुल्यांना शोकान्तिकेची उंची दिली. युगोस्लाव्हियातील झाग्रेब फिल्मच्या दुशान वुकोटिच यांचा ‘सुरोगात’ (१९६१) हा अ‍ॅनिमेशन लघुपटाचे ऑस्कर मिळवणारा पहिला बिगर-अमेरिकी चित्रपट ठरला. तिकिटाचा धाक नसलेल्या या संस्थांतून नवनव्या शैली बाहेर पडत होत्या.

१७/
या जगाचे धागे भारताशी जुळलेले होते. कॅनडाच्या मंडळातील नॉर्मन मॅक्लॅरन यांनी ‘नेबर्स’ (१९५२) मध्ये जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखे चौकट-चौकट हलवले. एका फुलावरून भांडणारे दोन शेजारी अखेर एकमेकांचा जीव घेतात, अशी ती कथा. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. युनेस्कोच्या कामानिमित्त मॅक्लॅरन चीनमध्ये आणि त्यानंतर १९५० च्या दशकाच्या प्रारंभी भारतातही शिकवून गेले होते.

१८/
दुसरा धागा प्रागचा. ओडिशात जन्मलेले प्रमोद पती तेथे त्र्न्का यांच्या हाताखाली शिकले आणि फिल्म्स डिव्हिजनमध्ये रुजू झाले. बाहुलीच्या शाळेतून आलेल्या या माणसाने मुंबईत मात्र बाहुल्यांपेक्षा पुढे झेप घेतली. पिक्सिलेशन, झपाट्याने बदलणाऱ्या प्रतिमा आणि विजय राघव राव यांनी रचलेले चमत्कारिक ध्वनी यांतून पती यांनी सरकारी लघुपटाची भाषाच पालटून टाकली.

१९/
‘क्लॅक्स्प्लोजन’ (१९६८) पाहावा. विषय कुटुंबनियोजन. त्या काळी भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण आणि सुखी कुटुंबाचा उपदेश होता. त्याच विषयावर पती यांनी उपदेशाऐवजी गती आणि आवाज यांचा लहानसा स्फोट रचला. आदेश खात्याचा होता, पण चित्रपट कलावंताचा झाला. विषय बांधून दिलेला असतानाही शैली मोकळी राहू शकते, हे त्याने दाखवले.

२०/
१९७० च्या सुमाराचा त्यांचा ‘आबिद’ याहून धाडसी. ‘ढब्बूजी’चे जनक, चित्रकार आबिद सुरती हे त्यातील पात्र. पांढऱ्या खोलीत माणूस प्रकटतो, रंग भिंतींवर पसरत जातात आणि चित्र कोणते व चित्रकार कोणता याची सीमा पुसट होत जाते. सरकारी संस्थेने, सरकारी खर्चाने, कोणताही सामाजिक संदेश नसलेला असा चित्रपट काढला, ही गोष्ट आजही आश्चर्यकारक वाटते. पती १९७५ मध्ये वयाच्या अवघ्या चाळिशीत निवर्तले.

२१/
येथे एक आक्षेप रास्त आहे. फिल्म्स डिव्हिजन हे सरकारचे मुखपत्र होते. धरणे, बचत, एकात्मता आणि नियोजन यांचाच जयघोष तेथे होई. मग त्याला स्वातंत्र्याचे घर कसे म्हणावे? आक्षेप खोडण्याची गरज नाही, मान्यच करावा. तेथील पुष्कळ चित्रपट शिकवणुकीच्या ओझ्याखाली दबलेले आहेत आणि सत्तेला अप्रिय असे बोलण्यास तेथे वाव फार थोडा होता.

२२/
तरीही त्र्न्का यांचा अखेरचा चित्रपट ‘द हँड’ (१९६५) ध्यानात घ्यावा. एक गरीब शिल्पी फुलासाठी कुंड्या घडवतो आणि एक अवाढव्य हात त्याच्याकडून स्वतःचेच पुतळे घडवून घेऊ पाहतो. सत्तेवरील ही जळजळीत टीका सरकारी स्टुडिओतच घडली आणि त्र्न्का यांच्या मृत्यूनंतर तिच्यावर बंदी आली. आश्रयदाता हात धरतो हे खरे. पण बाजारही हात धरतोच, आणि त्याचा हात दिसत नाही.

२३/
फिल्म्स डिव्हिजनच्या शाळेतून बाहेर पडलेल्यांची वाट पाहावी. राम मोहन यांनी पुढे स्वतःची संस्था काढली. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मधील अ‍ॅनिमेशन त्यांचेच. भीमसेन तेथे पार्श्वचित्रे रंगवत. १९७० मध्ये त्यांनी स्वतंत्रपणे ‘द क्लाइंब’ केला आणि शिकागोच्या महोत्सवात त्याला ‘सिल्व्हर ह्यूगो’ मिळाला. ‘घरौंदा’चे दिग्दर्शक म्हणून ओळखले जाणारे भीमसेन ते हेच.

२४/
भीमसेन यांचा हात ज्या लघुपटाला लागला, तो मात्र दूरदर्शनमुळे कोट्यवधी मुलांच्या स्मरणात आहे: ‘एक अनेक और एकता’ (१९७४). दिग्दर्शिका विजया मुळे, संगीतकार वसंत देसाई आणि गाणाऱ्या बालस्वरांत साधना सरगम. शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासह उडतात आणि मित्र उंदीर ते कुरतडतात, ही जुनी नीतिकथा. गाणे सर्वांना पाठ आहे. पण दिग्दर्शिकेचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

२५/
इतिहासाच्या अभ्यासकाने या चित्रपटाचे सालही वाचावे. १९७४: रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप, गुजरातचे नवनिर्माण आंदोलन, बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचे नेतृत्व. देश ढवळून निघत असताना लहान मुलांना एकीचा हा धडा मिळत होता. चित्रपट त्या घडामोडींविषयी एक अक्षर बोलत नाही. तरी त्या काळच्या शासनाला मुलांनी कोणता भारत मनात धरावा असे वाटत होते, याचे हे अस्सल साधन आहे.

२६/
दुसरे केंद्र अहमदाबादचे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अ‍ॅनिमेशनकडे आरेखनाची शाखा म्हणून पाहिले गेले. तेथे घडलेले ईशू पटेल कॅनडाच्या चित्रपट मंडळात गेले. त्यांच्या ‘बीड गेम’ (१९७७) मध्ये हजारो मणी हाताने मांडून हलवलेले आहेत. एक आकार दुसऱ्याला गिळतो, जीव जीवाशी झुंजतो आणि ही झुंज अखेर माणसाच्या युद्धांपर्यंत पोहोचते. संगीत ज्ञानप्रकाश घोष यांचे.

२७/
या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. गुजरातेतला कलावंत, बंगालचे तबलावादक संगीतकार आणि पैसा कॅनडाच्या करदात्यांचा! अभिमान वाटावा असाच हा प्रसंग आहे. पण त्यात एक बोच आहे. मणी एकेक करून सरकवण्यासाठी जो निवांत वेळ लागतो तो देणारी संस्था कलावंताला सातासमुद्रापार सापडली. प्रतिभा कुठेही जन्मते. तिला वेळ देणारी व्यवस्था मात्र मुद्दाम उभारावी लागते.

२८/
त्याच अहमदाबादच्या शाळेतून नीना सबनानी आल्या. ‘शुभ विवाह’ (१९८४) मध्ये त्यांनी मिथिलेच्या चित्रशैलीतून हुंड्याचा प्रश्न मांडला. ज्या चित्रांनी लग्नघराच्या भिंती सजतात त्याच चित्रांनी लग्नातील व्यवहार उघडा पाडला. ‘मुकंद अँड रियाज’ मध्ये फाळणीने तोडलेली दोन मुलांची मैत्री कापडाच्या तुकड्यांतून जोडली आहे. ती कथा सबनानी यांच्या वडिलांच्या सिंधमधील आठवणींवर आधारलेली आहे.

२९/
‘टांको बोले छे’ (२००९) हा या वाटेवरचा आणखी पुढचा टप्पा. कच्छच्या कशिदाकार स्त्रिया स्वतःच्या आवाजात स्वतःची कथा सांगतात: १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधून झालेले स्थलांतर, नव्या भूमीतील जगणे, भूकंप. पडद्यावर हलते ते त्यांचेच भरतकाम. येथे शैली हा कथेवरचा साज राहत नाही; ती साक्षीदार होते. या स्त्रियांचा इतिहास कागदपत्रांत क्वचितच असेल. टाक्यांत मात्र आहे.

३०/
मोठ्या पडद्यावर या काळात काय घडत होते? १९९० च्या दशकापासून परदेशी मालिकांचे काम कंत्राटावर करणारे स्टुडिओ वाढले. २००५ मध्ये ‘हनुमान’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट यशस्वी झाला. त्याचे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत हेही फिल्म्स डिव्हिजनच्याच मुशीतले. त्या यशानंतर निर्मात्यांची पावले पौराणिक बालनायकांकडे वळली. खर्च मोठा, म्हणून जोखीम नको. जोखीम नको, म्हणून तीच कथा पुन्हा. लांबी वाढली आणि वैविध्य आटले.

३१/
आणि २००६ मध्ये मुंबईतल्या एका कलावतीने पुन्हा काडेपेटी उघडली. जे. जे. कलासंस्थेत शिकलेल्या आणि राम मोहन यांच्या स्टुडिओत उमेदवारी केलेल्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट. चौकट अन् चौकट त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली. कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात तो गौरवला गेला. ना बालनायक, ना पुराण. नायिका आहे एक एकटी वृद्धा आणि सोबतीला तिची मांजर.

३२/
तिचे रोजचे शहरी जगणे करड्या रंगाचे. पण तिच्याजवळ काडेपेट्यांवरील चित्रांचा संग्रह आहे. एकेका छापील चित्रात ती शिरते आणि तेथे रंग उसळतात. शिवकाशीत छापलेली ती स्वस्त चित्रे एरवी दुकानाच्या फळीवरून थेट कचऱ्यात जातात. रंगीत स्वप्नासाठी राव यांनी तीच निवडली. फाळके यांच्या काडीपासून राव यांच्या काडेपेटीपर्यंत ९१ वर्षे लागली; हाताशी असलेल्या क्षुल्लक वस्तूतून जग उभारण्याची रीत तीच राहिली.

३३/
ही वाट पुढेही चालू आहे. मुंबईचेच सुरेश एरियात यांच्या ‘फिशरवुमन अँड टुक टुक’ (२०१५) मध्ये रिक्षाचे स्वप्न पाहणारी कोळीण आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याच ‘टोकरी’मध्ये मातीच्या बाहुल्यांतून मुंबईच्या रस्त्यावर टोपली विकणारी मुलगी उभी राहते. विनोद, वार्धक्य, स्थलांतर, हुंडा, युद्ध, शुद्ध रंगक्रीडा: एवढा पल्ला भारतातील पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटांनी कधी गाठला आहे?

३४/
आज संगणकामुळे साधने स्वस्त झाली आहेत. अडचण आता निर्मितीपेक्षा दर्शनाची आहे. मुख्य चित्रपटाआधी लघुपट दाखवण्याची जुनी रीत विरून गेली आणि तिच्या जागी जाहिराती आल्या. सक्ती गेली याचे दुःख नको. पण सक्तीबरोबर लघुपटाची सार्वजनिक जागाही गेली आणि तिला पर्याय उभा राहिला नाही. महोत्सवात दोनदा दाखवून मग संगणकाच्या कप्प्यात झोपणे, हे अनेक उत्तम लघुपटांचे प्राक्तन झाले आहे.

३५/
२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. विलीनीकरण योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. एका गोष्टीवर नसावेत: कार्टून विभागाचा संग्रह हा देशाचा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्याची नीट सूची हवी, श्रेयनामावली पूर्ण हवी आणि तो घरबसल्या पाहण्याची सोय हवी. मुंबईत पेडर रोडवर २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथे या लघुपटांना कायमचे दालन शोभून दिसेल.

३६/
श्रेयनामावलीचा आग्रह कशासाठी? सात हजार चित्रे एक माणूस काढत नाही. दिग्दर्शकाचे नाव उरते. रेषा गिरवणारे, रंग भरणारे आणि रात्री दिव्याखाली चौकट-चौकट टिपणारे हात विस्मृतीत जातात. त्यांपैकी कित्येक जण मुंबईच्या चाळींत, उपनगरांत राहून निवृत्त झाले. त्यांच्या आठवणी, वह्या, घरातील जुनी रेखाटने हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत. ती टिपण्याचे काम सरकारी आदेशाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे.

३७/
किल्ल्यांच्या पायऱ्या मोजणारे, जुनी नाणी ओळखणारे, मोडी वाचायला शिकणारे तरुण महाराष्ट्रात थोडे नाहीत. त्याच चिकाटीने एखादा पाच मिनिटांचा लघुपट तपासता येतो: कोणी केला, कोणत्या साली, कोणाच्या पैशाने, कोणत्या चित्रपरंपरेतून आणि तेव्हा देशात काय चालले होते? हे पाच प्रश्न विचारले की लहान मुलांची करमणूक म्हणून बाजूला ठेवलेली चित्रफीत बोलू लागते.

३८/
‘आगकाड्यांची मौज’ जळून गेली, हरवली की कुजली, हे आता कळणार नाही. १९१५ मध्ये ती जपून ठेवण्याजोगी वस्तू आहे असे कोणाला वाटले नसावे. ‘आबिद’, ‘क्लॅक्स्प्लोजन’, ‘शुभ विवाह’, ‘प्रिंटेड रेनबो’ यांच्या बाबतीत तशी सबब पुढच्या पिढीला सांगता येणार नाही. हे चित्रपट अजून आहेत. आज रात्री त्यांतला एक पाहायला पंधरा मिनिटेही लागणार नाहीत.

#थ्रेड_समाप्त